नौदल क्लबातला एक कप चहा

एका कप चहात सेक्रेटरींचा फायदाच फायदा होता. बायकोला दिलेला फार जुना शब्द पाळला जाणार होता, साडूची परस्पर जिरणार होती, आणि सोसायटीच्या जिन्यात चढता-उतरताना मान जराशी अधिक ताठ ठेवायला सबळ कारण मिळणार होतं. खर्चाच्या रकान्यात काय, तर एक कप चहा. आणि तोही दुसऱ्याच्या सहीवर. विमा कंपनीत हेडक्लार्की करून केस पांढरे केलेल्या माणसाला समोर नुसता फायदाच दिसला की खरं तर शंका यायला हवी. सेक्रेटरींना ती आली नाही.

सेक्रेटरी हे काही त्यांचं नाव नव्हे. पण सोसायटीचं सेक्रेटरीपद इतकी वर्षं त्यांच्याकडे होतं, की पोस्टमनपासून दूधवाल्यापर्यंत सगळे त्यांना सेक्रेटरीच म्हणत, त्यांच्या पत्नीला सेक्रेटरीणबाई म्हणत, आणि त्या स्वतःही फार रागावल्या की 'अहो' सोडून 'काय हो सेक्रेटरी' वर येत. हे पद आपल्याकडे लोकप्रियतेमुळे टिकून आहे, असं त्यांचं मत. दुसरं कुणी ते घ्यायला तयार नाही, ही गोष्ट सभेच्या इतिवृत्तात कधी आलेली नाही.

त्यांचा सगळा जीव नोटिशींत. 'जिन्यात सायकल ठेवू नये.' 'गच्चीचे दार लावून घ्यावे.' आणि लोक नोटिशी वाचत नाहीत म्हणून त्याखाली आणखी एक, 'वरील नोटिशी वाचाव्यात.' ती तर कुणीच वाचत नसे. "माणसाला वाचता येतं, तरी माणूस वाचत नाही. जगातल्या निम्म्या भानगडींचं मूळ हेच," असं ते दर सभेला म्हणत. हे त्यांचं वाक्य जरा बाजूला काढून ठेवू. पुढे लागणार आहे.

सोसायटीची मागची भिंत ही नौदल अधिकाऱ्यांच्या क्लबाचीही भिंत. सेक्रेटरींच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीतून क्लबाचा व्हरांडा असा दिसे, की जणू आपल्यासाठीच मांडून ठेवलाय. पांढरे खांब, वेताच्या खुर्च्या, हिरवळीवर उभी केलेली जुन्या जहाजाची डोलकाठी, आणि निळ्या काठाच्या कपांतून चहा पिणारी, कडक इस्त्रीची माणसं. हा देखावा दाखवून दलालाने फ्लॅटची किंमत वाढवून घेतली होती. राहायला आले त्या संध्याकाळी, खोक्यांवर बसून बिनदुधाचा चहा पिताना, सेक्रेटरी बायकोला म्हणाले होते, "एक दिवस तुला त्या तिथे बसवून चहा पाजतो की नाही बघ."

दमलेला माणूस असं काहीतरी बोलून जातो. कर्ज नुकतंच मंजूर झालेलं असलं तर हमखास बोलतो. सेक्रेटरीणबाईंनी पुढे कधी त्या शब्दाची आठवण म्हणून करून दिली नाही. फक्त रोज सकाळी नवऱ्याच्या हातात कपबशी देताना त्या एकदा समोरच्या व्हरांड्याकडे बघत आणि म्हणत, "घ्या. आपला तर घ्या."

असा 'आपला तर घ्या' ऐकत ऐकत लग्नाचा पंचविसावा वाढदिवस आला. आता साडू. साडू पाण्याचे पंप विकत असे आणि बायकोला दर वाढदिवसाला कुठेतरी भारी ठिकाणी नेऊन तिथले फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवत असे. या वर्षी एका तरंगत्या हॉटेलात नेलं होतं. त्यानंतर मेहुणीचा फोन आला. "भावोजी, ताईला कुठे नेताय यंदा? का मागच्यासारखं बँकेत?" मागच्या वर्षी त्या दिवशी बँकेत जावं लागलं होतं, ही गोष्ट खरी, पण ती अशी विचारायची नसते. सेक्रेटरींच्या तोंडून निघून गेलं, "नौदलाच्या क्लबात. चहाला." पलीकडे फोन या हातातून त्या हातात गेला. मग साडूचा आवाज आला, "तिथे आपल्यासारख्यांना घेतात?" त्यातल्या 'आपल्यासारख्यांना' या शब्दाने सेक्रेटरींच्या जिव्हारी घाव बसला. आता माघार नव्हती.

वाट एकच होती, आणि ती पहिल्या मजल्यावर राहत होती. निवृत्त कमांडर सोसायटीत नव्याने आले होते. माणूस उंच, आवाज भरदार, हात मात्र आखडता. वर्तमानपत्र ते वॉचमनच्या खुर्चीवरचं वाचत. त्यांची गाडी फाटकाजवळच्या झाडाखाली उभी राही. त्या झाडावर इतके पक्षी होते की गाडीचा मूळ रंग कोणता, हे सांगायला कागदपत्रं काढावी लागली असती. शेडमधल्या पार्किंगसाठी कमांडरांचा अर्ज होता, पण शेडची यादी सेक्रेटरींच्या ताब्यात, आणि यादी म्हणजे यादी.

"पाहुणे म्हणून नेता येतं," कमांडर म्हणाले. "तशी सोय आहे आमच्याकडे. बरं, त्या शेडचं काय?"

"त्याची यादी आहे, साहेब."

"पाहुण्यांचीही यादीच असते."

दोघेही थोडा वेळ झाडाकडे बघत राहिले. मग सेक्रेटरी म्हणाले, "बघू काहीतरी." आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी नियमाबद्दल 'बघू' असा शब्द काढला होता. घरी येऊन त्यांनी हात धुतले.

पाहुण्यांच्या अर्जात 'सभासदाशी नाते' असा रकाना होता. सेक्रेटरींनी लिहिलं, 'शेजारी'. अर्ज परत आला. शेजारी हे नातं क्लबाला मान्य नव्हतं. नातेवाईक किंवा मित्र, दोनच पर्याय.

"मित्र लिहू का?" सेक्रेटरींनी विचारलं.

"लिहा तूर्त," कमांडर म्हणाले. "शेडचं काय होतंय त्यावर बघू."

दुसऱ्यांदा अर्ज परत आला नाही, खुद्द सेक्रेटरींनाच बोलावणं आलं. क्लबाचा मॅनेजर चष्मा कपाळावर ठेवून बसणारा, गंभीर गृहस्थ होता. त्याने कपाटातून एक जाड फाइल काढली. वर लिहिलं होतं, 'मागील इमारत – तक्रारी'. आत सेक्रेटरींचीच पत्रं. शनिवारच्या बँडबद्दल, हिरवळीवरच्या दिव्यांबद्दल, भिंतीपलीकडून आलेल्या टेनिसच्या चेंडूबद्दल. तारखेनुसार लावलेली, प्रत्येकावर लाल शेरा. सेक्रेटरींना आधी घाम फुटला, आणि मग, खरं सांगायचं तर, भरून आलं. आपल्या पत्रांना इतक्या निगुतीने कुणीतरी भोकं पाडली आहेत, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

"हे सगळं तुम्हीच लिहिलंय?" मॅनेजरने विचारलं.

"सोसायटीच्या वतीने," सेक्रेटरी सावधपणे म्हणाले.

"कमिटीच्या बैठकीत वाचून दाखवतो आम्ही. मोठ्यांदा. बैठक रंगते हो." आणि त्याने शनिवारच्या चहासाठी मंजुरीचा शिक्का मारला.

'रंगते' म्हणजे नेमकं काय, यावर सेक्रेटरी घरापर्यंत विचार करत आले. त्यातून त्यांनी जो अर्थ काढला तो स्वतःच्या बाजूचा होता. माणूस दुसऱ्या बाजूचा अर्थ कशाला काढेल?

बातमी सोसायटीत फुटली आणि सल्ले सुरू झाले. सगळ्यांत पुढे खजिनदार. हे गृहस्थ समोरच्याच दारात राहत आणि ज्या विषयातलं काही कळत नाही त्या विषयात हिरिरीने बोलत. कमांडरांनी सांगितलं होतं एवढंच, की बंद बूट, कॉलरचा शर्ट आणि जाकीट हवं. खजिनदार म्हणाले, "ते वरवरचं झालं. मुख्य म्हणजे डोकं. नौदलातली माणसं आधी डोकं बघतात." ते सेक्रेटरींना हाताला धरून न्हाव्याकडे घेऊन गेले आणि म्हणाले, "नेव्ही कट."

न्हाव्याने समुद्र कधी पाहिला नव्हता. त्याने दोन्ही बाजूंनी मशीन फिरवायला सुरुवात केली. डावी बाजू जास्त गेली म्हणून उजवी काढली, उजवी जास्त गेली म्हणून डावी. शेवटी वरती केसांचं एक छोटंसं बेट तेवढं राहिलं. सेक्रेटरी घरी आले तेव्हा बायकोने दार उघडलं, बघितलं, आणि पुन्हा लावलं.

"हे डोकं बरोबर असेल तर मी येणार नाही," आतून आवाज आला.

"वाढतील गं."

"शनिवारपर्यंत?"

त्यावर खजिनदारांनीच तोडगा काढला. थंड हवेच्या ठिकाणी जाताना घेतलेली, पीस खोवलेली त्यांची फेल्टची हॅट त्यांनी आणून दिली. ती सेक्रेटरींच्या डोक्यावर भुवयांपर्यंत छान बसली. "आता अधिकारी दिसता," खजिनदार म्हणाले. या एका हॅटने पुढे काय केलं, ते खजिनदारांना आजतागायत माहीत नाही. असंच चालायचं, सल्ला देणारा नेहमी सुरक्षित अंतरावर असतो.

चहाचाही प्रश्न होताच. सेक्रेटरी जन्मभर चहा बशीत ओतून पीत आले होते, आणि त्याचा आवाज जिन्यापर्यंत जाई. तळमजल्यावरच्या शिकवणीच्या बाईंनी त्यांना गरम पाणी कपाने प्यायला शिकवलं. "ओठ आधी टेकवा. आता ओढू नका. ओढू नका म्हटलं ना!" सेक्रेटरींची जीभ दोनदा भाजली, पण शुक्रवारपर्यंत आवाज बंद झाला. नवे बूट मात्र चावत होते. त्यांचे तळ इतके गुळगुळीत होते की घरातल्या घरातही सेक्रेटरी भिंतीला धरून चालत.

निघताना सेक्रेटरीणबाईंनी कुंड्यांना पाणी घालायला म्हणून घराची किल्ली बहिणीकडे दिली. कुंड्यांना सकाळीच पाणी घालून झालं होतं. पण ते असो.

शनिवारची ती ऊन उतरणीची वेळ. "शनिवारी या, बँड सुरू व्हायच्या आधी गर्दी नसते," असं कमांडर म्हणाले होते आणि टेबल धरून ठेवायला म्हणून पुढे गेले होते. वर्गणीचं सोडून क्लबाचं दुसरं कुठलंच परिपत्रक ते वाचत नसत, म्हणून त्यांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. त्या दिवशी एका जुन्या तुकडीचं स्नेहसंमेलन होतं. क्लब खच्चून भरला होता.

दारावरच्या माणसाने सह्या घेतल्या आणि सांगितलं, "सरळ आत, बार ओलांडला की व्हरांडा." बारच्या चौकटीपाशी एक पितळी पाटी होती, ताटाएवढी, घासूनपुसून चकचकीत केलेली. नोटीस लावण्यात हयात गेलेल्या माणसाने ती वाचायला हवी होती. पण पुढे लाकडी जमीन होती, मेण लावून आरशासारखी केलेली, आणि सेक्रेटरींचं सगळं लक्ष आपल्या बुटांच्या टोकांवर होतं. ते जपून, एकेक पाऊल मोजून टाकत, हॅटसकट आत शिरले.

ठण्ण!

कोपऱ्यात जुन्या जहाजाची घंटा टांगलेली होती. पांढऱ्या मिशांचे एक म्हातारे कॅप्टन तिच्या दोरीशी बसून होते. कुणीतरी चुकेल या आशेवर ते रोज त्याच खुर्चीत बसत. दोरी सोडून ते उभे राहिले, आणि त्यांच्याबरोबर सगळा बार उभा राहिला. आरोळ्या उठल्या, टेबलांवर मुठी आपटल्या गेल्या, कुणीतरी सेक्रेटरींची पाठ थोपटली, कुणी हात हातात घेऊन गदागदा हलवला.

सेक्रेटरी भांबावले, पण क्षणभरच. लगेच त्यांना मॅनेजरचे शब्द आठवले. पत्रं वाचून दाखवतो. बैठक रंगते. म्हणजे हे सगळे आपले वाचक! सभ्य माणसाने अशा वेळी जे करायचं ते त्यांनी केलं. हॅट काढली आणि कमरेत वाकून नमस्कार केला.

डोकं पाहून बार एकदम चिडीचूप झाला. ते सेक्रेटरींच्या लक्षात आलं, आणि त्यांनी झटक्यात हॅट परत घातली.

ठण्ण!

आता तर छत उडायचं बाकी राहिलं. "पुन्हा घातली! यांनी पुन्हा घातली!" कॅप्टनांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. असा माणूस त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

मागे सेक्रेटरीणबाई थांबल्या होत्या. त्यांच्या बुटांचा काही प्रश्न नव्हता, त्यामुळे त्यांनी पाटी वाचली.

टोपी घालुनी आत जो शिरे,
पेले सर्वांचे तोच भरे.
पाकीट येथे दावी जो,
पुन्हा एकदा भरी तो.

त्यांनी नवऱ्याचं जाकीट ओढलं. "अहो, टोपी."

"थांब गं. बोलायला सांगताहेत."

कुणीही बोलायला सांगितलं नव्हतं. पण सेक्रेटरी घसा खाकरून सुरू झाले. "मित्रहो! आपल्यामध्ये एक भिंत आहे. तिच्यावरून आजवर फक्त पत्रं आणि टेनिसचे चेंडू गेले. आज मी स्वतः आलो. हा जो आनंद आज आपण सगळे लुटतो आहोत, त्याचं संपूर्ण श्रेय माझं नाही. ते आपले कमांडरसाहेब, जे मला इथे घेऊन आले, त्यांचं आहे. जे काही होतंय ते त्यांच्या नावावर आहे, हे कृपया विसरू नका!"

"कोण कमांडर?" कुणीतरी विचारलं.

सेक्रेटरींनी व्हरांड्याकडे बोट केलं. तिथे दाराकडे पाठ करून कमांडर टेबलाला धरून बसले होते.

"नांगर!" बारमधून एकच गर्जना झाली. "आज नांगर उचलला!"

कमांडरांना क्लबात नांगर म्हणत, कारण पाजण्याची पाळी आली की ते खुर्चीतून हलत नसत. तीस-एक वर्षांत त्यांच्याकडून कुणी घोटभर पाणीही प्यायलं नव्हतं. ते आता धावत आत आले, घंटेची हलणारी दोरी बघितली, लोकांच्या हातांतले भरू लागलेले पेले बघितले, आणि शेवटी हॅट बघितली.

"टोपी?" त्यांचा भरदार आवाज पार चिरका झाला होता. "टोपी कुणी घालायला सांगितली तुम्हाला?"

"तुम्ही बूट सांगितले, कॉलर सांगितली, जाकीट सांगितलं," सेक्रेटरी म्हणाले. "टोपीविषयी बोलला नाहीत."

"बोलायचं काय त्यात? दारावर पाटी आहे! पितळेची! एवढी मोठी! अहो, माणसाला वाचता येतं ना? मग वाचत का नाही माणूस?"

सेक्रेटरी वळले. त्यांनी पाटी वाचली. मग पुन्हा एकदा वाचली. टोपी घालून शिरलेल्याने सगळ्या बारला स्वतःच्या खर्चाने पाजायचं, आणि घंटा त्याचीच. आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून, भर सभेत, आपल्याच अंगावर यावं, याहून वाईट काय असतं? आरोळ्या, हस्तांदोलनं, पाठ थोपटणं, सगळ्याचा अर्थ एकदम उलटा झाला. भिंतीपलीकडचा तिसरा मजला आता फार लांब वाटू लागला. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे मागे बायको उभी होती, ठेवणीतले कपडे घालून, इतक्या वर्षांनी.

पण हेडक्लार्क कितीही खचला तरी देणं बुडवत नाही. "कमांडरसाहेब, चूक माझी आहे. बिल मी देणार," असं म्हणून त्यांनी ताठ मानेने जाकिटाच्या आतल्या खिशात हात घातला.

कॅप्टनांचा हात हळूहळू दोरीकडे सरकला. पाकिटाचा कोपरा दिसू लागला.

"अहो! पाकीट आत ठेवा आधी!"

पेल्यांतले बर्फाचे तुकडे किणकिणले. सेक्रेटरींचा हात जागच्या जागी थांबला. कॅप्टनांचाही थांबला. एवढंच नव्हे, तर खांद्यांवर पट्ट्या मिरवलेली सगळी मंडळी नकळत ताठ उभी राहिली.

कॅप्टनांनी दोरी सोडली. ते सेक्रेटरीणबाईंच्या समोर आले. "बाई," ते हळूच म्हणाले, "हा आवाज... तुम्ही 'अहो, टॉवेल दोरीवर' का?"

सेक्रेटरीणबाई गोंधळल्या. "म्हणजे?"

"'अहो, दूध उतू जातंय!'" मागून एक जाडसर गृहस्थ उत्साहाने म्हणाले.

"'अहो, आठ वाजले!'" दुसरे म्हणाले. "त्यावर मी घड्याळ लावतो."

"रोज सकाळी आम्ही व्हरांड्यात बसतो ते काय समुद्र बघायला?" कॅप्टन म्हणाले. "तो डाव्या बाजूला आहे. आम्ही उजवीकडे बघून बसतो. मी वादळात जहाज चालवलंय, बाई. पण माझा आवाज इतका लांब कधी गेला नाही. या क्लबात तुम्हाला काय म्हणतात, ठाऊक आहे? ॲडमिरल. तिसऱ्या मजल्यावरच्या ॲडमिरल!" मग ते सेक्रेटरींकडे वळले, आणि त्यांचा चेहरा आणखी उजळला. "म्हणजे तो पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा तुम्ही! आणि पत्रंही तुम्हीच? अरे, हे दोन्ही एकच निघाले!"

मग जे झालं त्याला मिरवणूकच म्हटलं पाहिजे. सेक्रेटरीणबाईंना पुढे घालून सगळे व्हरांड्यात आले. कमांडरांनी धरून ठेवलेलं टेबल सोडून त्यांना कठड्याजवळची, एरवी क्लबाच्या अध्यक्षांशिवाय कुणी न बसणारी वेताची खुर्ची देण्यात आली. बाजूच्या खुर्चीत सेक्रेटरींना बसवलं, आणि दोघांसाठी निळ्या काठाच्या कपांत चहा आला. शेजारी पितळी दुर्बीण होती. "बघा, तुमचंच घर," कॅप्टन म्हणाले.

त्यांनी डोळा लावला. आपली बाल्कनी त्यांनी कधी बाहेरून पाहिली नव्हती. कुंड्या किती छान दिसत होत्या. दोरीवर पायजमा होता. आणि पायजम्याच्या दोन्ही बाजूंना, खच्चून भरलेली, अख्खी सोसायटी होती. शिकवणीच्या बाई होत्या, वॉचमन होता, आणि कठड्यावर ओणवा होऊन, खजिनदारांची दुर्बीण डोळ्यांना लावून, साडू उभा होता. खरोखरच क्लबात गेले की थापा मारल्या, हे बघायला तो कुंड्यांच्या निमित्ताने जातीने आला होता.

इकडची दुर्बीण आणि तिकडची दुर्बीण समोरासमोर आल्या. सेक्रेटरीणबाईंनी सावकाश हात उंचावला.

"तुमची माणसं?" कॅप्टनांनी विचारलं. "मंडळी, पेले वर!" आणि सेक्रेटरी व सेक्रेटरीणबाईंच्या भोवती कोंडाळं करून अख्ख्या स्नेहसंमेलनाने पेले उंचावून जयघोष केला. पलीकडे साडूच्या हातातली दुर्बीण खाली आली. कशासाठी जयघोष, कशाचे पेले, कुणाची घंटा, हे एवढ्या अंतरावरून दिसत नाही. दिसतं ते एवढंच, की नौदल उभं आहे आणि आपला साडू बसलेला आहे.

त्या आनंदात सेक्रेटरी शिकवण विसरले. त्यांनी चहा बशीत ओतला आणि मनापासून एक भुरका मारला. कॅप्टनांनी बशीकडे बघितलं, स्वतःच्या पेल्याकडे बघितलं, आणि वेटरला म्हणाले, "मलाही चहा आण. बशी मोठी बघ."

तिकडे बारमध्ये कमांडर सही करत होते. पाहुण्यांकडून पैसे घ्यायचे नाहीत हा नियम पक्का. सही सभासदाचीच लागते. मॅनेजरने चष्मा कपाळावरून खाली आणून सांगितलं, "दोनदा करा, साहेब. दोन घंटा झाल्या." प्रत्येक सहीला टाळ्या पडल्या. पण एक गोष्ट सांगायलाच हवी. त्या संध्याकाळपर्यंत कमांडरांच्या टेबलाशी कुणी बसत नसे. सही झाल्यावर चार जण आपण होऊन खुर्च्या ओढून बसले, जुन्या बोटींच्या गोष्टी निघाल्या, आणि कमांडर इतके हसले की मधूनमधून बिलाची आठवण येऊन त्यांना ठसका लागत होता.

घरी जाताना फाटकाशी त्यांनी सेक्रेटरींना गाठलं. रागावले नव्हते. फक्त झाडाखाली उभ्या असलेल्या आपल्या गाडीकडे बघत म्हणाले, "मित्र लिहिलंय अर्जात."

सेक्रेटरींनी रात्रभर विचार केला. यादी मोडायची नाही, ही एक बाजू. दोन घंटा, ही दुसरी. सकाळी त्यांनी स्वतःच्या हक्काची शेडमधली जागा कमांडरांना लिहून दिली, आणि तशी नोटीसही लावली. ती मात्र सगळ्यांनी वाचली.

साडूचा फोन आला. "काय हो, एवढा जयजयकार?"

"चालायचंच," सेक्रेटरी म्हणाले. "ओळखी असतात."

सेक्रेटरीणबाई शेजारीच उभ्या होत्या. घंटा, हॅट, पाटी सगळं त्यांना ठाऊक होतं. त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. पंचवीस वर्षांत त्यांनी नवऱ्याला दिलेल्या भेटींमध्ये ही सगळ्यांत मोठी समजायला हरकत नाही. मग त्यांनी चहा आणला, समोरच्या व्हरांड्याकडे एकदा बघितलं, आणि 'आपला तर घ्या' म्हणण्याऐवजी म्हणाल्या, "त्यांचा जरा पाणचटच होता, नाही?"

तेव्हा हिशेब असा झाला. सेक्रेटरीणबाईंना चहा मिळाला आणि वर हुद्दा मिळाला. त्यांनी हाक मारताना आवाज थोडा कमी करून पाहिला, तर क्लबाकडून मॅनेजरचं तक्रारीचं पत्र आलं. सेक्रेटरींनी ते तारखेनुसार फाइलला लावलं. साडूने पुढच्या वर्षीचा बेत अजून जाहीर केलेला नाही. कॅप्टन बशीतून चहा पितात. कमांडरांना शेड मिळाली, वर चार मित्र, आणि गाडीचा खरा रंग हिरवा होता असं कळलं. सगळ्यांचं सगळं भागलं.

भरावं लागलं ते एकटीलाच. सेक्रेटरींची स्कूटर आता फाटकाजवळच्या झाडाखाली उभी असते. ती क्लबात गेली नव्हती, तिने टोपी घातली नव्हती, घोटभर चहासुद्धा घेतला नव्हता. वरचे पक्षी मात्र रोज सकाळी तिच्याकडून हप्ता वसूल करतात, आणि सेक्रेटरी फडकं घेऊन तो पुसत असतात, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरून आवाज येतो, "अहो, आठ वाजले!" आणि भिंतीपलीकडे कुणीतरी घड्याळ लावतं.